खिडकीवाले व्याही आणि आत्याबाई नावाचं इंजिन

आमचे व्याही जन्मभर रेल्वेत होते असं मुलीचं लग्न ठरवताना मला सांगण्यात आलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रेल्वेत म्हणजे नेमकं कुठे, हे मी विचारलं नाही. मुलगी देताना माणूस असले प्रश्न विचारत नाही. घर नीट आहे, मुलगा कामाला लागलेला आहे, सासू बोलते पण मनात ठेवत नाही, एवढं कळलं की झालं. पुढे केव्हातरी समजलं की व्याही तिकिटाच्या खिडकीत बसायचे.

ती खिडकी मी नंतर पाहून आलो. काचेला खाली अर्ध्या भाकरीएवढं भोक. त्यातून एक हात आत यायचा, तिकीट घेऊन बाहेर जायचा, मग दुसरा हात. व्याह्यांच्या पाठीला भिंत आणि भिंतीपलीकडे फलाट. म्हणजे गाडी त्यांनी जन्मभर ऐकली, पाहिली क्वचित. माणसंही त्यांनी हातावरूनच ओळखली. रस्त्यात कुणी ओळखीचा भेटला तर व्याही आधी त्याच्या हाताकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, मग म्हणतात, "हां, तुम्ही होय." एकदा एका गृहस्थाने थंडी म्हणून दोन्ही हात खिशात घातले होते, तर व्याह्यांनी त्याला ओळखच दिली नाही. तो त्यांचा सख्खा साडू निघाला. वर्षभर अबोला होता.

गावात त्यांना सगळे खिडकीवाले म्हणतात. त्यांच्या घरी पाहुणा म्हणून मी महिना-महिना राहिलो आहे, तेव्हा हे सगळं ऐकीव नाही, समोर घडलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर व्याही घरातल्या खुर्चीत बसले. खुर्चीत बसून करायचं काय, हे रेल्वेने त्यांना सांगितलेलं नव्हतं. भोक नाही, हात नाहीत. दार वाजलं की अर्धवट उठायचे आणि विहीणबाई आधी पोचल्या की परत बसायचे. विहीणबाई माझ्या देखत म्हणाल्या, "व्याहीबुवा, घरात एक सामान वाढलंय बघा. बाकीचं सामान केर काढताना उचलता तरी येतं."

व्याही म्हणाले, "मी पाय वर घेतो की."

"घेता. पण उपकार केल्यासारखे घेता."

असे दिवस चालले होते, तेवढ्यात इंजिन उपटलं.

उपटलं म्हणजे ते होतंच. स्टेशनाच्या मागे मालधक्का आहे, त्याच्या बाजूला एक जुना रूळ जातो आणि पुढे लाल अडसराशी संपतो. त्या रुळावर एक डिझेल इंजिन उभं होतं. एके काळी मालाचे डबे इकडून तिकडे ढकलायचं. दुरुस्तीसाठी दोन दिवस म्हणून बाजूला लावलं आणि सगळे विसरले. धुराड्यात पाखरांनी घरटं केलं, चाकांतून झुडपं वर आली. दोन दिवसांसाठी येऊन जी हलायचं नाव घेत नाही, तिला म्हणतात आत्याबाई, असं कुणीतरी बोललं आणि तेच नाव पडलं.

आता गावात एक कापडदुकानदार आहेत. त्यांना मी अध्यक्ष म्हणतो, कारण ते कशाचे ना कशाचे अध्यक्ष नाहीत असा दिवस मी पाहिलेला नाही. झाडं लावायची समिती त्यांची, वाचनालयाची समिती त्यांची, सकाळी मैदानात जमून हसायचं त्याचीही समिती त्यांचीच. हसायच्या समितीत भांडण झालं आणि ती बंद पडली. रिकाम्या हाताने बसणारा माणूस नव्हे तो. त्यांनी मालधक्क्यावरून जाताना आत्याबाईंकडे पाहिलं आणि इंजिन चालू करण्याची समिती काढली.

पहिल्या सभेला बरेच जण आले. दातांचे डॉक्टर आले. चित्रकलेचे मास्तर आले. ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री आला, त्याचं म्हणणं एवढंच की इंजिन म्हणजे वाढलेला ट्रक, घाबरायचं कारण नाही. व्याह्यांना विहीणबाईंनी पाठवलं होतं, केर काढायचा होता म्हणून. मी त्यांच्या सोबतीला.

अध्यक्षांनी विचारलं, "आपल्यापैकी इंजिनातलं कुणाला कळतं?"

मग एकेक मान व्याह्यांकडे वळली. रेल्वेतला माणूस तोच एक. व्याह्यांना त्या क्षणी नेमका खोकला आला. अध्यक्षांनी तो होकार धरला, टाळ्या पडल्या आणि आमचे व्याही समितीचे तांत्रिक प्रमुख झाले.

इंजिनाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे त्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हतं. तसं ते अध्यक्षांनाही नव्हतं. सुरुवातीचे कितीतरी रविवार त्यांनी स्वतःचे फोटो इंजिनाच्या पाठीशी उभं राहून काढले आणि छापवले, "आत्याबाईंच्या तोंडाशी अध्यक्ष."

पण आमचे व्याही हुशार. त्यांनी दोन वाक्यांवर सगळं निभावलं. कुणी विचारलं, साहेब हा पाइप काढू का, तर इंजिनाभोवती सावकाश एक फेरी मारायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "थोडं थांबा." दुसऱ्या रविवारी त्याने परत विचारलं की म्हणायचं, "आता काढा." या दोन वाक्यांनी रेल्वेतले मोठमोठे साहेब निवृत्त होईपर्यंत टिकलेले आहेत, असं मला नंतर एका जाणकाराने सांगितलं.

मला पोलादी ब्रश दिला होता. गावाकडचा माणूस म्हणजे अंगात रग असणार, या समजुतीने मला गंज खरवडायला पोटाखाली घातलं. बाकी स्वयंसेवक कामाला कमी नव्हते, पण त्यांची कामाची निवड ठरलेली. चालकाच्या खुर्चीत बसून दांडे नीट हलतात का हे बघायला रांग लागे. भोंगा वाजतो का हे बघायला त्याहून मोठी रांग, आणि भोंग्याला लागणारी हवा तर इंजिनात नव्हतीच. तरी लोक बटण दाबून तोंडाने आवाज काढत. रंग कुठला द्यायचा यावर चार सभा झाल्या. पोटाखाली मात्र मी, मिस्त्री आणि एक मांजर.

काम रविवारचं, त्यात अर्धा वेळ चहा आणि अर्धा अध्यक्षांचा. एक झाकण उघडलं की सूर्य कलायचा. तेव्हा व्याह्यांनी तांत्रिक प्रमुख या नात्याने आपला पहिला स्वतंत्र निर्णय दिला. प्रत्येकाने एकेक भाग घरी न्यावा, आठवडाभर साफ करावा आणि परत आणावा. सभा खूश. सगळ्यांना नेण्याची इतकी घाई झाली की "परत आणावा" कुणाच्या कानात शिरलं नाही.

बघता बघता आत्याबाई आतून मोकळ्या झाल्या आणि गावभर राहायला गेल्या. पुढचा मोठा दिवा मास्तरांनी नेला आणि वर्गात मधोमध ठेवून मुलांना चित्र काढायला लावलं. भोंगा अध्यक्षांच्या दुकानात गल्ल्यावर बसला. डॉक्टरांनी डिझेलच्या नळ्या आणि त्यांचे सगळे बोल्ट नेले, कारण बारीक काम दातांच्या डॉक्टरानेच करावं असं ते म्हणाले. पिस्टन आमच्या व्याह्यांच्या घरी आले. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून व्याही त्यांना रॉकेलने पुसत बसायचे. मी पाहुणा, मला ताट मांडीवर.

विहीणबाई म्हणायच्या, "आमच्या दोन्ही मुलांचे कान यांनी कधी पुसले नाहीत. बघा, त्याची खाच न् खाच पुसतायत."

व्याही म्हणायचे, "मुलं हलायची. हे हलत नाही."

माझी मुलगी सासऱ्यांच्या बाजूची. ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "बाबा, वास येतो, येऊ दे. आता कुणी दार वाजवलं तर ते अर्धवट उठत नाहीत. लोक त्यांनाच भेटायला येतात, आणि आम्हीच म्हणतो, थांबा हं, कामात आहेत."

हे तिनं बरोबर हेरलं होतं.

असं सगळं सुखाने चाललं असताना रेल्वेचे एक तपासनीस साहेब आले. मालधक्क्याची जागा मोकळी करायची होती. भंगारवाल्याने इंजिनावर खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या, कुठे कुठे कापायचं त्याच्या. अध्यक्षांनी साहेबांपुढे भाषण केलं. साहेबांनी ते पूर्ण ऐकलं, त्यावरून माणूस सरकारी आहे हे कळलं. मग ते म्हणाले, "मला वर एवढंच कळवायचं आहे की हे इंजिन आहे की लोखंड. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येतो. हे इथून स्वतःच्या जोरावर निघालं, त्या लाल अडसरापर्यंत गेलं आणि थांबलं, तर इंजिन. राहू दे तुमच्याकडे. नाही गेलं तर लोखंड. सोमवारी कापायला घेतील."

त्या दिवशी व्याही घरी येऊन पिस्टनांसमोर बसले आणि पुसले मात्र नाहीत. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "व्याही, ते कापलं तर मी परत खुर्चीत."

"अहो, दुसरं काहीतरी निघेल. अध्यक्ष आहेत तोवर समित्यांना तोटा नाही."

"दुसऱ्या समितीत मला कोण विचारतंय? झाडातलं मला काय कळतं?"

मी म्हणालो, "इंजिनातलं तरी काय कळतं?"

म्हणजे मी चेष्टेने म्हणालो. पण ते म्हणाले, "काही नाही. अजूनसुद्धा काही नाही. पण लोक विचारतात हो. खिडकीत लोक यायचे ते गावाचं नाव सांगायचे, एक द्या म्हणायचे. काय करू, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. आता दर रविवारी विचारतात."

मी एक पिस्टन ओढून घेतला आणि पुसायला लागलो.

दुसऱ्या दिवसापासून भाग गोळा करायला आम्ही दोघं घरोघर फिरलो. द्यायला कुणी राजी नाही. मास्तर म्हणाले, दिव्याची सावली अजून मुलांना जमलेली नाही, परीक्षा होऊ द्या. अध्यक्षांनी भोंग्याखाली आपल्या नावाची पाटी लावली होती, ती काढताना भिंतीचा गिलावा पडेल म्हणाले. एका घरी तर आजीबाईंनी इंजिनाचं दातेरी चाक उशाशी ठेवलेलं, गार लागतं म्हणून. त्यांच्या मुलाने हात जोडले, "न्या, पण ती झोपलेली असताना न्या." व्याह्यांनी कुणाशी वाद घातला नाही. जन्मभराची सवय, ते फक्त दारात उभे राहून हात पुढे करायचे आणि गप्प. समोरचा थोडा वेळ बोलायचा, मग आपोआप आत जाऊन भाग आणून त्या हातावर ठेवायचा. मी पाहत राहिलो. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला हा माणूस जास्त शोभला असता.

डॉक्टरांनी मात्र हसत हसत डबा दिला. नळ्या सोन्यासारख्या, बोल्ट आरशासारखे. "एकेकावर जीव ओतलाय," ते म्हणाले. मिस्त्रीने एक बोल्ट उचलून त्यात आपली मिशी बघितली, सारखी केली आणि सगळे बोल्ट बसवून टाकले.

तो रविवार उजाडला. मालधक्क्यावर मांडव, खुर्च्या, फुलांचे गुच्छ. रुळावर आडवी लाल फीत बांधलेली, ती अध्यक्ष कापणार आणि मग इंजिन निघणार. मास्तरांनी आत्याबाईंना हिरवा रंग दिला होता, अजून ओला, त्यामुळे ज्यांनी प्रेमाने हात लावला त्यांचे हात हिरवे. तपासनीस साहेब आले, खुर्चीत बसले, हातातल्या पाटीवर कागद लावला. त्यांच्या मागे जरा अंतरावर भंगारवालाही येऊन बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण चहा दिला.

मिस्त्रीने बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं, अंग हलवलं आणि गप्प झालं. परत दाबलं. परत घुरघुर. पेटेना. मिस्त्री खाली उतरला, पोटाखाली गेला, मी मागोमाग. टाकी भरलेली, पंप फिरतोय, हवेची जाळी साफ. बॅटऱ्या ट्रकांतून काढून एकत्र बांधल्या होत्या, त्या दर घुरघुरीला मलूल होत चाललेल्या.

मिस्त्री बाहेर येऊन म्हणाला, "खिडकीवाले, आता काय करायचं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. व्याही इंजिनाभोवती सावकाश फिरले. कान लावला. कानाला हिरवा रंग लागला. म्हणाले, "थोडं थांबा." आवाज नेहमीचा नव्हता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मला जेवायला जायचं आहे. तुमचा कार्यक्रम संपेपर्यंत थांबतो. मग मी शेरा लिहिणार."

हे साहेब नवीन. आमच्या अध्यक्षांचा कार्यक्रम संपेपर्यंत थांबतो म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. अध्यक्षांनी मात्र ते बरोबर उचललं. त्या माणसाला आम्ही इतकी वर्षं नावं ठेवली, पण त्या दिवशी तो देवासारखा उभा राहिला. माइक हातात घेतला आणि सत्काराला सुरुवात केली. प्रत्येक स्वयंसेवकाला पुढे बोलवायचं, गुच्छ द्यायचा, त्याचं बालपण सांगायचं, मग त्यालाही चार शब्द बोलायला लावायचं. मास्तर रंगाबद्दल बोलले. आजीबाईंचा मुलगा आजीबाईंबद्दल बोलला. इकडे मिस्त्री पोटाखाली शिव्या देतोय, व्याही पायरीवर चढतायत आणि उतरतायत.

मग डॉक्टरांची पाळी आली. ते म्हणाले, "मी माझं काम कधी सांगत नाही. पण आज सांगतो. माझ्याकडे जे बोल्ट आले, ते वरून धडधाकट दिसत होते. पण बारकाईने बघितल्यावर मला दिसलं की प्रत्येकाला बाजूने कीड लागलेली आहे. हे एवढंसं भोक, थेट आतपर्यंत. इतकी वर्षं कुणाचं लक्ष नाही. मी एकेक भोक साफ केलं, उत्तम प्रतीचं सिमेंट भरलं, घासून सारखं केलं. आता बोट फिरवा, कळणार नाही. ही सेवा आहे, याची फी मी घेतलेली नाही."

टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

इंजिनाखालून मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं. "डॉक्टर, परत बोला."

डॉक्टरांना वाटलं कौतुक. त्यांनी माइक जवळ घेतला. "बाजूने कीड..."

"ते झालं. कितींना भरलं?"

"सगळ्यांना. भेदभाव मी करत नाही."

मिस्त्री रुळावरच बसला. "अहो, तो बोल्ट आतून पोकळ असतो. त्या बाजूच्या भोकातून डिझेल आत शिरतं. ती कीड नव्हे हो, ते तोंड आहे तिचं. तुम्ही आत्याबाईंचं तोंड बुजवलंत आणि मी वरून पाना मारून आवळलं."

डॉक्टर पांढरे पडले. "भोक दिसलं की माझा हात थांबत नाही," ते हळूच म्हणाले. माइक चालूच होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांच्या दवाखान्यात जाणारी दोन-तीन माणसं तिथे होती, त्यांनी जिभेने आपापले दात चाचपलेले मी बघितलं.

मग जी धावपळ झाली ती सांगण्यासारखी आहे. डॉक्टर स्कूटरवरून दवाखान्यात गेले आणि दात कोरायचं यंत्र घेऊन आले. मांडवाच्या विजेवर ते लावलं, खुर्चीवर पांढरा रुमाल अंथरला, मिस्त्री एकेक बोल्ट खोलून आणतोय, डॉक्टर तोंडाला फडकं बांधून कोरतायत. घाईतही सवय सुटत नव्हती. एका बोल्टाला ते "जरा सहन करा" म्हणाले, हे मी स्वतः ऐकलं.

पण बोल्ट बरेच आणि सत्काराची माणसं संपली. अध्यक्ष डगमगले नाहीत. त्यांनी चहावाल्याचा सत्कार केला. भंगारवाल्याचा केला, तो बिचारा गुच्छ घेऊन इतका भारावला की म्हणाला, मी आत्याबाईंचं कल्याण चिंततो. मग माझं नाव आलं. गावाकडून खास या कार्यासाठी आलेले, तळागाळात काम करणारे, असं म्हणाले, आणि पोटाखाली मी होतो हे खरंच होतं. शेवटी खुद्द तपासनीस साहेबांचा सत्कार झाला. आता ज्याच्या हातात आपणच दिलेला गुच्छ आहे, त्याला उठून जाता येत नाही. साहेब परत बसले.

बोल्ट बसले. मिस्त्री वर चढला. बॅटरीत राहिलेला जीव एकवटून इंजिन घुरघुरलं, खोकलं, परत घुरघुरलं आणि मग धाड असा आवाज होऊन धुराड्यातून काळा लोट उठला. पाखरांचं घरटं गेल्याच महिन्यात आम्ही उचलून मालधक्क्याच्या शेडच्या वळचणीला ठेवलं होतं म्हणून बरं. अध्यक्षांचा पांढरा सदरा काळा झाला. पण जमीन हादरत होती, खुर्च्या जागच्या जागी सरकत होत्या, आणि म्हातारी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी हसत होती.

साहेबांनी विचारलं, "चालवणार कोण?"

पुन्हा सगळ्या माना. चालकाच्या खुर्चीसाठी एवढी रांग लावणारे सगळे मांडवाच्या खांबांना धरून उभे. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार, मी मान हलवली. ते पायऱ्या चढले. मिस्त्री त्यांच्या शेजारी उभा राहिला.

तेवढ्यात गर्दीतून विहीणबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता अडवतात. त्यांनी खालून हात वर केला, "अहो, चष्मा. विसरून आलात. तिथे खांब आहे की माणूस हे कळायला हवं ना."

"दे. आणि तू जरा लांब उभी राहा."

"मी लांबच आहे. तुम्ही बघा समोर."

मिस्त्रीने सांगितलं तसा व्याह्यांनी दांडा पुढे केला. थोडा वेळ काहीच नाही. मग आत्याबाई कण्हल्या, चिकटलेली चाकं सुटल्याचा आवाज झाला आणि इंजिन निघालं. निघालं म्हणजे माणूस जेवण झाल्यावर चालतो तेवढ्या वेगाने. पण ते फितीची वाट बघायला थांबलं नाही. अध्यक्ष फितीशी उभे राहून "आजच्या या मंगल..." म्हणत होते. त्यांनी मागे पाहिलं, इंजिन येतंय. मग फीत कापावी की पळावं हे ठरेना, म्हणून ते कात्री उगारून रुळाच्या कडेने पुढे पुढे चालायला लागले, आणि इंजिनाने फीत छातीवर घेऊन तोडली आणि तशीच मिरवत नेली. सगळा गाव बाजूने चालतोय. भंगारवाला गुच्छासकट.

लाल अडसर जवळ आला.

मिस्त्री ओरडला, "ब्रेक."

व्याह्यांनी हँडल ओढलं. इंजिन चालतंच आहे.

"अजून ओढा."

त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. खाली कुठेतरी कर्रकन आवाज झाला. मी बाजूने चालत होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे, चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ घट्ट. इंजिन मंदावलं, आणखी मंदावलं, अडसराला हळूच टेकलं, टण्ण वाजलं आणि उभं राहिलं. अडसरावर तळहाताएवढा हिरवा रंग उमटला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण साहेब चालत येत होते. त्यांनी अडसर बघितला, हिरवा रंग बोटाने पुसून पाहिला आणि वर बघून विचारलं, "थांबलं, की तुम्ही थांबवलं?"

व्याह्यांनी चष्मा वर सरकवला. मला वाटलं, आता थोडं थांबा म्हणतील. पण ते म्हणाले, "साहेब, मला माहीत नाही. मी हँडल ओढलं होतं. ते थांबलं. एकामुळे दुसरं झालं असेल तर चांगलंच आहे. खरं सांगायचं तर मला इंजिनातलं काही कळत नाही. मी तिकिटाच्या खिडकीत होतो."

गावाने ते ऐकलं. मिस्त्रीने वर आभाळाकडे बघितलं.

साहेबांनी पाटीवरचा कागद वाचला. मग म्हणाले, "कुणी थांबवलं असा रकानाच नाही इथे. चालले का, थांबले का, एवढंच आहे." त्यांनी दोन्हीपुढे होय लिहिलं, सही केली आणि जेवायला गेले. भंगारवाल्याने उरलेला खडू मास्तरांना देऊन टाकला.

मग मात्र दंगा झाला. आरडाओरडा, फोटो, अध्यक्षांनी कात्री धरून, तुटलेली फीत परत गाठ मारून, ती कापतानाचा फोटो काढला. तो ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, आता जरा मागे न्या, शेडमध्ये ठेवू.

मिस्त्री खाली जाऊन बघून आला. हात झटकत म्हणाला, "ब्रेक पकडलाय तो सुटत नाही. आतला दांडा वाकलाय. हिला आता इथून हलवायची तर सगळं परत खोलावं लागणार. ब्रेक, हवा, खालची सगळी जोडणी."

"किती दिवस?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिवस कसले. रविवारी रविवारी करायचं तर वर्ष गेलं समजा."

सगळ्यांचे चेहरे उतरले. माणसं दमली होती, हात रंगलेले, पोटात भूक. एकटे आमचे व्याही असे होते की ज्यांचा चेहरा वर्ष शब्द ऐकून उजळला. त्यांनी मिस्त्रीला जरा बाजूला घेतलं. "घाई नको करू. नीट होऊ दे. वर्षाहून जास्त लागलं तरी चालेल."

मिस्त्री म्हणाला, "पण खिडकीवाले, तुम्हाला तर त्यातलं काही..."

"कळत नाही. तेच म्हणतोय. तू खाली दाखव, काय वाकलंय ते."

आणि आमचे व्याही, चांगला इस्त्रीचा सदरा अंगात असताना, पाठीवर आडवे होऊन आत्याबाईंच्या पोटाखाली सरकले. तांत्रिक प्रमुख पोटाखाली गेलेले समितीने पहिल्यांदाच पाहिले. दोघं-तिघं वाकून विचारायला लागले, साहेब काही पकडू का, टॉर्च आणू का, आणि आतून आवाज आला, "पाना द्या. कुठलाही द्या, मग बघू."

विहीणबाई बाहेर आलेल्या दोन पायांकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सावरून मला म्हणाल्या, "चला व्याहीबुवा, घरी जाऊन जेवून घेऊ. हे काही आता येत नाहीत." आणि चार पावलं गेल्यावर, मागे न बघता, "टेबल मात्र आजच्या आज पुसून घेते. परत काय काय येईल त्याचा नेम नाही."